मोठा कॅम बसवूनही इंजिन ओढत नाही : हेडचा प्रवाह आणि कॅमशाफ्ट यांची जुळणी कशी तपासावी

"मोठा कॅम बसवला, पण खालचा पिकअप गेला आणि वरही काही मिळाले नाही," ही तक्रार गेल्या काही वर्षांत माझ्याकडे जवळजवळ याच शब्दांत अनेकदा आली आहे. कॅम, म्हणजे कॅमशाफ्ट, हा झडपा किती आणि किती वेळ उघडायच्या ते ठरवणारा दंड; हेड म्हणजे सिलिंडरवरचा तो भाग, ज्यात झडपा आणि हवेच्या वाटा (पोर्ट) असतात. मी मिशिगनमध्ये राहतो आणि नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात जुन्या अमेरिकन गाड्यांची इंजिने बांधतो. त्यामुळे ही तक्रार बहुतेक वेळा शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ बद्दल असते. तक्रार करणाऱ्याने तोवर काय काय करून पाहिले असेल, हेही आता मला अंदाजाने सांगता येते. आधी कार्ब्युरेटरचे जेट (इंधनाची छिद्रे) बदललेले असतात, मग इग्निशनचे टायमिंग मागेपुढे केलेले असते, त्यानंतर मोठा कार्ब्युरेटर येतो आणि शेवटी, पहिला कॅम पुरेसा मोठा नसावा अशा समजुतीने, त्याहूनही मोठा कॅम मागवलेला असतो. अशा इंजिनांत बहुधा कॅम सदोष नसतो आणि हेडही सदोष नसते. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शिफारशींवरून विकत घेतलेली असतात आणि त्यांची एकमेकांशी गाठ कोणी घालून दिलेली नसते.

ज्या गाडीच्या निमित्ताने हे लिहीत आहे ती एका स्नेह्याची १९७६ सालची कॅमारो आहे. इंजिन ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.४८ इंच, कनेक्टिंग रॉड ५.७ इंचांचा. त्या वर्षी चार बॅरलच्या कार्ब्युरेटरसह हे इंजिन कारखान्यातून १६५ अश्वशक्तीचे येत असे आणि त्याचे कॉम्प्रेशन (मिश्रण दाबले जाण्याचे गुणोत्तर) ८.५ होते, कारण सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून कमी शिशाच्या इंधनासाठी कंपनीने कॉम्प्रेशन उतरवले होते. हेड मूळचेच होते. ओतकामाचा क्रमांक ८८२ ने संपणारे, ७६ घनसेंटिमीटरचे दहनकक्ष असलेले, इनलेट झडप १.९४ इंच आणि एक्झॉस्ट झडप १.५० इंच व्यासाची. या हेडवर एका विक्रेत्याच्या सल्ल्याने बसवलेला कॅम मात्र २९२ अंश जाहीर ड्युरेशनचा (झडप उघडी राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत) होता, लोबच्या (कॅमवरच्या फुगवट्याच्या) ०.०५० इंच उचलीला मोजला तर २४४ अंश, झडपेची लिफ्ट (उचल) ०.५०१ इंच, इनलेट आणि एक्झॉस्ट लोबमधील कोन ११० अंश. मूळ कॅमचे आकडे ०.०५० ला इनलेट १९५ व एक्झॉस्ट २०२ अंश आणि लिफ्ट ०.३९० व ०.४१० इंच असे होते. मूळच्या आणि नव्या कॅममध्ये किती मोठे अंतर आहे ते यावरून दिसेल. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधील द्रव-जोड) मूळचा, मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.०८. या गुणोत्तराला ताशी साठ मैलांवर इंजिन मिनिटाला सुमारे २३५० फेऱ्यांवर चालते आणि हा कॅम तर ३००० च्या खाली जागाच होत नाही.

कॅमवर आळ घेण्यापूर्वी त्याच लक्षणांची सोंगे घेणारे इतर दोष बाजूला काढावेत, हा माझा पहिला आग्रह असतो. डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) आणि डायल गेज लावून इनलेट लोबचा मध्य टीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूनंतर) कितव्या अंशाला येतो ते मोजावे. कॅमसोबतच्या कार्डावर १०६ छापले असेल आणि प्रत्यक्षात ११० निघाले, तर पुढची सगळी चर्चा चुकीच्या पायावर उभी राहते. झडपेवरची खरी लिफ्टही तिथेच मोजावी, कारण साच्यात दाबून घडवलेल्या रॉकरचे (पुशरॉडचा धक्का झडपेपर्यंत नेणाऱ्या तरफेचे) गुणोत्तर १.५ असे लिहिलेले असले तरी ते तितके भरतेच असे नाही. सपाट टॅपेटच्या (लोबवर टेकून पुशरॉड उचलणाऱ्या तुकड्याच्या) कॅमवर एखादा लोब झिजलेला असू शकतो. नव्या कॅमवर जुने टॅपेट वापरले असतील, किंवा जस्त-फॉस्फरसयुक्त तेल न घालता पहिली वीस मिनिटे इंजिन मंद फेऱ्यांवर चालवले असेल, तर ही शक्यता मोठी असते.

स्प्रिंग कमजोर पडून झडप लोबवरून सुटण्याचा प्रकार आणि हवेअभावी इंजिन थांबण्याचा प्रकार यांत अनेकांचा गोंधळ होतो. स्प्रिंगचा दोष एकाएकी येतो. ठराविक फेऱ्यांवर इंजिन अडखळते, आवाज बदलतो, मिसिंग सुरू होते. हवा संपते तेव्हा असे काही होत नाही. इंजिन स्वच्छ चालत राहते, फक्त ताकदीची रेषा गोलाई घेते आणि कितीही दाबले तरी फेऱ्या जड पावलांनी चढतात. या कॅमारोमध्ये दुसरा प्रकार होता. ५२०० नंतर काहीही तुटत नव्हते आणि काहीही वाढतही नव्हते.

यानंतरची चाचणी इतकी स्वस्त आहे की ती न करण्याला कारण उरत नाही. इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडून लांब नळीने ते गाडीच्या आत आणावे आणि सुरक्षित, मोकळ्या जागी किंवा डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटल देऊन वरच्या फेऱ्यांवर वाचन घ्यावे. चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचा प्रवाह दीड इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजून जाहीर करतात. तेव्हा गेजवर एक-दीड इंचाहून अधिक व्हॅक्यूम दिसला, तर अडथळा कार्ब्युरेटर किंवा एअर क्लीनरच्या बाजूला आहे असे समजावे. गेज शून्याजवळ राहिले आणि तरीही इंजिन वर चढत नसेल, तर मॅनिफोल्डच्या पोटात हवा मुबलक आहे आणि ती सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग अडथळा रनर (मॅनिफोल्डची नळी), पोर्ट, झडप आणि सीट यांपैकी कुठेतरी असतो, किंवा जळलेला वायू बाहेर काढणाऱ्या मार्गात असतो. कॅमारोचे गेज अर्ध्या इंचावर होते. मालकाने त्याआधीच मोठा कार्ब्युरेटर घेतला होता आणि तो पैसा वाया गेला होता, हे मला त्यांना सांगावे लागले.

हेड उतरवून ते फ्लो बेंचवर (हेडमधला हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) नेले, की खरी माहिती मिळू लागते. इथे आकडे वाचण्याची शिस्त पाळली नाही तर फसगत होते. प्रवाह किती दाबफरकावर मोजला, हे आधी विचारावे. आज बहुतेक जण २८ इंच पाण्याच्या फरकावर मोजतात, पण जुन्या तक्त्यांत १० इंचांचे आकडे आढळतात आणि प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्याने १० इंचांचा आकडा १.६७ ने गुणल्याशिवाय २८ च्या आकड्याशी ताडता येत नाही. दुसरे, एकच कमाल आकडा ऐकून समाधान मानू नये. ०.१ इंचापासून प्रत्येक टप्प्याचा आकडा लिहून घ्यावा, कारण झडप कमाल लिफ्टला प्रत्येक चक्रात एकदाच आणि क्षणभर असते, मधल्या लिफ्टमधून मात्र ती दोनदा जाते, एकदा उघडताना आणि एकदा मिटताना. शक्य असेल तर त्याच हेडला इनटेक मॅनिफोल्ड लावून पुन्हा मोजावे. मॅनिफोल्ड लावताच आकडा खाली येतो आणि इंजिनाच्या वाट्याला येणारा आकडा हाच असतो.

या ८८२ हेडचा इनलेट प्रवाह ०.४ इंचापर्यंत बऱ्यापैकी चढला आणि तिथून पुढे २०० घनफूट प्रतिमिनिटाच्या आसपास रेंगाळला. ०.५ इंचाला त्यात नावापुरती भर पडली. असे का होते, ते भूमितीतच दिसते. झडप उचलली की सीटभोवती जी गोल फट पडते तिचे क्षेत्र म्हणजे झडपेचा परीघ गुणिले लिफ्ट. ही फट झडपेच्या चकतीच्या क्षेत्राएवढी होण्यासाठी लिफ्ट व्यासाच्या एक चतुर्थांश लागते, म्हणजे १.९४ इंचाच्या झडपेला ०.४८५ इंच. पण झडपेखालचा घसा चकतीहून अरुंद असतो. तो व्यासाच्या ८८ टक्के धरला, तर घशाचे आणि फटीचे क्षेत्र ०.३७५ इंचाच्या आसपासच बरोबरीला येते. झडपेची दांडी घशात जी जागा अडवते ती वजा केली, तर त्याहूनही आधी. त्यानंतर झडप आणखी उचलून फट मोठी होते, पण वाट घशाने आणि पोर्टच्या वळणाने अडवलेली असते. दार कितीही उघडले तरी त्यामागच्या बोळाची रुंदी तेवढीच राहते, तसा हा प्रकार आहे.

कारखान्याच्या अभियंत्यांना आपल्या हेडची ही मर्यादा पुरेपूर ठाऊक होती, असे मला वाटते. शेव्हरोलेचे अभियंते झोरा अर्कुस-डुंटोव्ह यांचे नाव लावला जाणारा १९५७ चा कॅम पाहावा. २८३ घनइंचांच्या, इंधन-इंजेक्शनच्या त्या इंजिनाने २८३ अश्वशक्ती दिली, म्हणजे घनइंचाला एक अश्वशक्ती. तरी त्या कॅमची लिफ्ट ०.४ इंचाच्याच आसपास होती. झडप अधिक उंच नेण्याऐवजी ती अधिक काळ उघडी ठेवण्यावर भर होता आणि त्या काळच्या पोर्टचा स्वभाव पाहता ते अगदी योग्य होते. ते इंजिन शर्यतीच्या फेऱ्यांवर चालायचे, मूळच्या ऑटोमॅटिक कन्व्हर्टरमागे नव्हे, हा फरक मात्र विसरता कामा नये.

अधिक लिफ्ट निरर्थकच असते, असा याचा अर्थ काढू नये. तेवढ्याच ड्युरेशनमध्ये लिफ्ट वाढवली, तर झडप ०.२ आणि ०.३ इंचाचे टप्पे लवकर गाठते आणि उशिरा सोडते, आणि त्या टप्प्यांवर हेड देत असलेली हवा इंजिनाला जास्त वेळ मिळते. म्हणूनच सपाट झालेल्या प्रवाहाच्या हेडलाही थोडी वाढीव लिफ्ट मानवते. फायदा जलद चढउतारात असतो, शिखरावर नसतो.

प्रवाहाच्या आकड्यावरून इंजिन कुठल्या फेऱ्यांपर्यंत श्वास घेऊ शकेल, याचा अंदाज बांधण्यासाठी फ्लो बेंचच्या जगात एक साधे सूत्र वापरतात. २८ इंचांवर मोजलेला प्रवाह गुणिले ११९६, भागिले एका सिलिंडरचे घनइंच. ३५० च्या एका सिलिंडरचे ४३.७५ घनइंच होतात. २०० घनफुटांना उत्तर येते मिनिटाला सुमारे ५४७० फेऱ्या. दुसऱ्या वाटेनेही पडताळा घेता येतो. एमआयटीच्या इंजिन प्रयोगशाळेतील जुन्या कामातून असे दिसले की, बोअर आणि झडप यांच्या व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग, पिस्टनचा सरासरी वेग, झडपेचा सरासरी प्रवाहगुणक आणि ध्वनीचा वेग यांवरून काढलेला निर्देशांक ०.६ च्या पुढे गेला, की सिलिंडर भरण्याची कार्यक्षमता झपाट्याने ढासळते. या इंजिनात ५५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.२ मीटर असतो. अशा जुन्या दोन झडपांच्या हेडला साजेसा ०.३३ प्रवाहगुणक धरला, तर ०.६ ची रेषा ५४५० च्या सुमारास ओलांडली जाते. दोन्ही वाटा जवळपास एकाच ठिकाणी आल्या. ही उत्तम जुळणी झालेल्या इंजिनाची कमाल मर्यादा आहे. मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्टचा तोटा धरला, तर कॅमारो ५२०० ला थकत होती यात नवल काहीच नव्हते. २४४ अंशांचा कॅम मात्र ६००० च्या पुढची हवा मागत होता.

आता खालचा पिकअप कुठे गेला, ते पाहू. मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा क्षण इनलेट झडप मिटण्याचा आहे, आणि विकत घेताना सर्वांत कमी विचारला जाणारा आकडाही तोच. २९२ अंशांचा लोब १०६ वर बसवला, तर इनलेट झडप बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली असतो त्या बिंदूनंतर) ७२ अंशांनी बंद होते. तोवर पिस्टन वर निघालेला असतो. ५.७ इंचांचा रॉड आणि ३.४८ चा स्ट्रोक धरून हिशेब केला, तर झडप मिटते तेव्हा वरच्या दिशेचा फक्त साडेबहात्तर टक्के स्ट्रोक शिल्लक असतो. मंद फेऱ्यांवर हवेला पुरेसा वेग नसल्याने आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग पिस्टन पुन्हा मॅनिफोल्डमध्ये लोटतो. ८.५ चे कागदावरचे कॉम्प्रेशन अशा वेळी प्रत्यक्षात ६.४ च्या आसपास उरते. कॉम्प्रेशन गेजवर हे लगेच दिसले. सगळे सिलिंडर चौरस इंचाला १२० ते १२५ पौंडांवर, एकसारखे. एकसारखे होते म्हणूनच रिंग किंवा झडपांची गळती नाही, हेही कळले. हा हिशेब करताना ०.०५० चे ड्युरेशन घेऊ नये, सीटजवळचे जाहीर ड्युरेशन घ्यावे. दोन निर्मात्यांच्या कॅमची तुलना मात्र ०.०५० वरच करावी, कारण जाहीर ड्युरेशन कुणी ०.००६ इंच उचलीला मोजतो, तर कुणी ०.००४ ला.

वरच्या फेऱ्यांवर हीच उशिराची मिटणी उपकारक ठरते, कारण धावत्या हवेचा स्तंभ पिस्टन वर येत असतानाही आत घुसत राहतो. पण त्यासाठी त्या फेऱ्यांना पोर्टमधून पुरेशी हवा आलेली असावी लागते. इथे ती येत नव्हती. खाली द्यायची ती किंमत इंजिन देत होते आणि वर मिळायचे ते मोल हेड मिळू देत नव्हते.

ओव्हरलॅपचेही तसेच. या कॅममध्ये दोन्ही झडपा एकत्र उघड्या राहण्याचा काळ ७२ अंश भरतो. मंद फेऱ्यांवर जळलेला वायू त्या फटीतून इनटेकमध्ये शिरतो, आयडल डुलते, व्हॅक्यूम आठ-नऊ इंचांवर येतो आणि व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेकचा बूस्टर अपुरा पडू लागतो. एक्झॉस्टच्या नळीत न जळलेले इंधन आणि ताजी हवा मिसळून आल्यामुळे ऑक्सिजन सेन्सरचे वाचनही दिशाभूल करते. मालकांनी जेट बदलण्यात कित्येक शनिवार घालवले होते, ते याच वाचनाच्या भरवशावर.

वरचा सगळा हिशेब कागदावरचा आहे, तेव्हा नवा कॅम मागवण्यापूर्वी इंजिनालाच विचारून खात्री करून घ्यावी. त्यासाठी दोन चाचण्या आहेत आणि माझा सर्वाधिक विश्वास त्यांवरच आहे. पहिली, कॅम चार अंश पुढे घेण्याची. तीन चाव्यांच्या खाचा असलेला क्रँक स्प्रॉकेट असेल, तर हे काम एका दुपारचे आहे. इनलेटचा मध्य १०६ वरून १०२ वर येतो आणि झडप ७२ ऐवजी ६८ अंशांनी मिटते. खाली ताकद वाढली आणि वर काही कमी झाले, तर कॅम आणि हेड यांची जोडी बरी आहे, फक्त निवड कुठल्या फेऱ्यांसाठी हवी एवढाच प्रश्न उरतो. खाली वाढले आणि वर काहीच कमी झाले नाही, तर कॅम हेडच्या मानाने मोठा आहे, हे जवळजवळ सिद्ध होते, कारण उशिरा मिटण्याचा वरच्या फेऱ्यांना काही उपयोगच होत नव्हता. कॅमारोने हेच उत्तर दिले. कॅम पुढे घेताना इनलेट झडप आणि पिस्टन यांमधील अंतर कमी होते, हे विसरू नये. इनलेटला किमान ०.०८० इंच आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच अंतर उरते की नाही, ते क्ले (मऊ माती) किंवा हलक्या तपासणी-स्प्रिंगांनी मोजल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

दुसरी चाचणी रॉकरची आहे. लहान कॅम असलेल्या इंजिनात ती विशेष उपयोगी पडते. फक्त इनलेटला १.५ ऐवजी १.६ गुणोत्तराचे रॉकर लावावेत. लोबची उचल ०.३०० असेल, तर झडपेची लिफ्ट ०.४५० वरून ०.४८० होते. वरच्या फेऱ्यांवर ताकद वाढली, तर हेडमध्ये अजून देण्यासारखे आहे. काहीच फरक पडला नाही, तर हेड संपले आहे आणि त्याच्यावर पुढचा कॅम लादण्यात अर्थ नाही. जुन्या हेडवर १.६ चे रॉकर लावले की पुशरॉड हेडमधल्या खाचेला घासू शकतो, तेव्हा प्रत्येक पुशरॉड हाताने फिरवून पाहावा. २९२ च्या कॅमवर मात्र ही चाचणी मी केली नाही. लिफ्ट ०.५३४ झाली असती आणि त्या स्प्रिंगांना आणि रिटेनरांना (स्प्रिंग धरणाऱ्या वाट्यांना) ती झेपण्यासारखी नव्हती.

एक्झॉस्टच्या बाजूची गोष्ट थोडक्यात सांगतो. दोन्ही पोर्टचा प्रवाह समान लिफ्टला ताडून पाहावा. मूळच्या स्मॉल-ब्लॉक हेडांत एक्झॉस्टचा प्रवाह इनलेटच्या ६५ ते ७५ टक्के असतो. तो खालच्या टोकाला असेल किंवा ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि बारीक नळ्या कायम ठेवायच्या असतील, तर एक्झॉस्टला इनलेटपेक्षा सहा ते आठ अंश अधिक ड्युरेशन देणारा कॅम घ्यावा. एक्झॉस्ट पोर्टवर काम होऊन गुणोत्तर ८० टक्क्यांच्या जवळ गेले असेल आणि हेडरही (मोकळ्या एक्झॉस्ट नळ्या) चांगले असतील, तर समान ड्युरेशन पुरते.

लोबमधील कोनासाठी दोन समांतर झडपांच्या व्ही-८ इंजिनांत वापरतात तो एक अनुभवसिद्ध नियम आहे. एका सिलिंडरचे घनइंच भागिले इनलेट झडपेचा व्यास, त्याला ०.९१ ने गुणून १२८ मधून वजा करणे. इथे उत्तर १०७.५ येते. हा आकडा सिलिंडरच्या मानाने झडप लहान असल्याची कबुली आहे. झडप जितकी अपुरी, तितके लोब जवळ आणून तिला लवकर कामाला लावावे लागते. ब्रेक बूस्टर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या रस्त्यावरच्या गाडीला मी तरी ११० च सुचवतो.

आता उपाय. दोनच मार्ग उरतात : हेडला साजेसा कॅम, किंवा कॅमला साजेसे हेड. ८८२ हेड कायम ठेवायचे असते, तर ०.०५० ला २१० ते २१८ अंश इनलेट ड्युरेशन आणि ०.४५ च्या आसपास लिफ्ट यापुढे मी गेलो नसतो. पण मालकांची खर्चाची तयारी होती आणि एव्हाना कार्ब्युरेटरच्या धड्यामुळे त्यांचा मोजमापावर विश्वास बसला होता. म्हणून आम्ही हेड बदलायचे ठरवले. १९९६ पासून शेव्हरोले-जीएमसीच्या ट्रकांवर आलेली व्होर्टेक हेडे, ओतकामाचा क्रमांक ०६२ ने संपणारी, आम्ही मिळवली. झडपांचे व्यास तेच, १.९४ आणि १.५०. पोर्टचा आकार आणि घशाची घडण मात्र वेगळी, आणि ०.५ इंचाला प्रवाह २३० च्या आसपास. झडपेचा व्यास न बदलता प्रवाहात एवढा फरक पडतो, ही गोष्ट झडपेच्या आकारावरून हेड विकत घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. वरच्या सूत्रात २३० घातले, तर मर्यादा ५४७० वरून ६२९० वर जाते.

दहनकक्ष ७६ ऐवजी ६४ घनसेंटिमीटरचा झाल्यामुळे कॉम्प्रेशन ८.५ वरून सुमारे ९.६ झाले. कॅम मात्र आम्ही लहान केला. जाहीर ड्युरेशन इनलेट २६२ आणि एक्झॉस्ट २७०, ०.०५० ला २१८ आणि २२४, लिफ्ट ०.४६२ आणि ०.४६९, कोन ११०. व्होर्टेकचा एक्झॉस्ट इनलेटच्या मानाने दुबळा असल्याने एक्झॉस्टचे वाढीव ड्युरेशन इथे शोभते. इनलेट बीडीसीनंतर ५७ अंशांनी मिटते आणि त्या वेळी जवळजवळ ८३ टक्के स्ट्रोक बाकी असतो. प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ८.१ च्या आसपास येते, जे या हेडच्या जलद ज्वलनामुळे प्रीमियम पेट्रोलवर चालून जाते. ओव्हरलॅप ७२ वरून ४६ अंशांवर आला. रस्त्यावरच्या गाडीत हेड कॅमच्या चार पावले पुढे असावे, उलट नसावे, हे माझे मत या जुळणीमागे आहे.

या हेडांचा एक धोका ठळकपणे सांगायला हवा. मूळ अवस्थेत व्होर्टेक हेडमध्ये ०.४६ ते ०.४७५ इंच लिफ्टच्या पलीकडे रिटेनर झडपेच्या गाइडला (दांडी सरळ धरणाऱ्या नळीला) आपटतो. ०.४६९ हा आकडा त्याच पट्ट्यात येतो, म्हणून प्रत्येक झडपेवर पूर्ण लिफ्टला रिटेनर आणि गाइडचे सील यांत किमान ०.०५० इंच उरते की नाही ते मोजले आणि ते उरत नसल्याने गाइडचे माथे छाटून घेतले. मॅनिफोल्डही बदलावा लागतो, कारण व्होर्टेकला बोल्टांची मांडणी वेगळी आहे. इग्निशनचे एकूण टायमिंग ३६ ऐवजी ३२ अंशांवर पुरले.

या समस्येची उलटी बाजूही तितकीच वारंवार दिसते, फक्त तिची तक्रार कमी ऐकू येते. ३५० घनइंचांवर २२० घनसेंटिमीटर पोर्टची, शर्यतीची अ‍ॅल्युमिनियम हेडे लावून कॅम मात्र मूळचाच ठेवलेला असतो. मोठ्या पोर्टमध्ये हवेचा वेग पडतो, इंधनाचे थेंब भिंतींवर बसतात, थ्रॉटल दाबताच इंजिन क्षणभर गुदमरते. फ्लो बेंचवर या हेडचे आकडे देखणे असतात, पण ०.६ इंचाला दिसणारा प्रवाह ०.३९ लिफ्टच्या कॅमला कधीच भेटत नाही. अशा वेळी कॅम वाढवणे हाच उपाय असतो, आणि त्यासोबत कन्व्हर्टर व अ‍ॅक्सलचे गुणोत्तरही.

हे आकडे चार झडपांच्या इंजिनाला जसेच्या तसे लावू नयेत. कोल्हापूरच्या एका मित्राने मारुतीच्या १.३ लिटर, १६ झडपांच्या इंजिनासाठी (बोअर ७४, स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर) हेच ड्युरेशन चालेल का, असे विचारले होते. दोन लहान झडपांचा मिळून परीघ एका मोठ्या झडपेपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे कमी लिफ्टलाच मोठी फट उघडते आणि तोच ओव्हरलॅप अशा हेडमध्ये कितीतरी उग्र ठरतो. तिथे ड्युरेशन आखूड आणि लोबमधील कोन मोकळा ठेवावा लागतो; १२८ चा नियमही तिथे लागू होत नाही. आपल्याकडे कॅम पुन्हा घासून घेण्याची पद्धत आहे. त्यात लोबचे मूळ वर्तुळ लहान होते, म्हणून टॅपेटचे अंतर आणि रॉकरचा कोन पुन्हा बसवून घेतल्याशिवाय त्या कॅमबद्दल निष्कर्ष काढू नये.

कॅमारो पहिल्यांदा सुरू केली तेव्हा आयडलला सोळा इंच व्हॅक्यूम मिळाला आणि कॉम्प्रेशन गेज १६५ पौंडांवर थांबले. पहिली वीस मिनिटे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या वर ठेवून कॅम बसू दिला, तेल बदलले आणि मग गाडी रस्त्यावर काढली. गाडी २००० फेऱ्यांपासून ओढते आणि ५२०० ला पूर्वी जी अडायची ती आता ५६०० पर्यंत मोकळी चढते, तीही ०.०५० ला २६ अंशांनी लहान कॅमवर. जेटना अजून एका पायरीची सुधारणा हवी आहे. पहिल्या हजार मैलांनंतर गाइडच्या सीलची आणि स्प्रिंगांच्या दाबाची तपासणी राहिली आहे.